‘झालं असेल’ की ‘करावं लागेल’? इंग्रजीतल्या ‘विल हॅव’ची उकल

इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचं स्वतःचं रूपच नाही. मराठीत ‘वेचणे’ला प्रत्यय लागला की ‘वेचीन, वेचशील, वेचेल’ अशी रूपं होतात आणि उद्याची गोष्ट क्रियापदाच्या पोटातच बसते. इंग्रजीत क्रियापद दोनच काळ दाखवतं, वर्तमान आणि भूत. भविष्यासाठी ‘विल’ हा मदतीचा शब्द घ्यावा लागतो. जुन्या इंग्रजीत ‘विल’ म्हणजे ‘इच्छा असणे’ आणि ‘शॅल’ म्हणजे ‘देणं लागणे’. कायद्यात आणि करारनाम्यात बंधन सांगायला आजही ‘शॅल’ वापरतात, कारण त्या जुन्या अर्थाची धार तिथे शाबूत आहे.

खरी अडचण ‘विल’च्या पुढे ‘हॅव’ आला की सुरू होते. कापूस वेचणीचीच चार वाक्यं घेऊ.

वी विल हॅव पिक्ट द कॉटन.
वी विल हॅव टू पिक द कॉटन.
वी विल हॅव द कॉटन पिक्ट.
वी विल हॅव द कॉटन टू पिक.

शब्द जवळपास तेच, पण अर्थ चार. पहिल्याचा अर्थ, आमचा कापूस वेचून झालेला असेल. दुसऱ्याचा, आम्हाला कापूस वेचावा लागेल. तिसऱ्यात आम्ही स्वतः शेतात उतरत नाही, बाया लावून कापूस वेचून घेऊ. आणि चौथ्यात आमच्याकडे वेचायला कापूस असेल, म्हणजे काम अजून उभंच आहे.

हे असं का झालं, याचं उत्तर ‘हॅव’च्या इतिहासात आहे. मुळात ‘हॅव’ म्हणजे जवळ असणे. जुन्या इंग्रजीत ‘माझ्याकडे पत्र लिहिलेलं आहे’ अशा धाटणीची वाक्यं होती. लिहून झालेलं पत्र जवळ आहे म्हणजे लिहिण्याचं काम संपलं. हळूहळू वस्तू मागे सरकली, क्रियापद ‘हॅव’ला चिकटलं आणि ‘हॅव’चा ‘जवळ असणे’ हा अर्थ झिजून फक्त पूर्णता उरली. दुसऱ्या बाजूला ‘माझ्याकडे लिहायला पत्र आहे’ अशी वाक्यं होती. जवळ जे आहे ते करायचं बाकी आहे, म्हणून त्यातून बंधनाचा अर्थ निघाला. आपल्या यादीतलं चौथं वाक्य आजही त्याच जुन्या बांधणीचं आहे, आणि दुसरं वाक्य त्याच बांधणीतून निघालं. एकाच ‘हॅव’मधून संपलेलं काम आणि उरलेलं काम असे दोन उलटे अर्थ निघाले. त्याच्या पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आहे की ‘टू’, यावरच सगळा निकाल लागतो.

मराठी बोलणाऱ्याला इथे चकायला होतं, त्यालाही कारण आहे. मराठीत बंधनाचं वाक्य पहिल्याच शब्दात ओळखू येतं. ‘मला जावं लागेल’, किंवा वऱ्हाडीत ‘मले जा लागन’. ‘मले’ ऐकलं की पुढे ‘लागन’ येऊ शकतं, याची कानाला आधीच खूण मिळते. काम पूर्ण झाल्याचं सांगताना ‘मी’ किंवा ‘माझं’ येतं. इंग्रजीत दोन्हीकडे ‘आय’ आणि ‘वी’च. सुरुवातीला कसलीच खूण नाही, ती थेट ‘हॅव’नंतर येते. म्हणून मुलं वाक्य अर्धं ऐकून अर्थ लावतात आणि फसतात.

ऐकताना मात्र एक भक्कम खूण आहे आणि ती शाळेत क्वचितच सांगितली जाते. बंधनाच्या अर्थी ‘हॅव टू’ म्हणताना इंग्रजी बोलणारे ‘हॅफ टू’ म्हणतात. पुढचा ‘ट’ अघोष, म्हणजे घशात कंप न होता उच्चारला जाणारा असल्याने ‘व’चा ‘फ’ होतो आणि दोन्ही शब्द एकजीव होतात. पण ‘आय हॅव टू एकर्स’, म्हणजे माझी दोन एकर जमीन आहे, असं म्हणताना उच्चार सारखा असूनही ‘व’ शक्यतो ‘व’च राहतो, कारण तिथे ‘हॅव’ आणि ‘दोन’ हे वेगवेगळे शब्द आहेत. पूर्णतेच्या अर्थी ‘हॅव’ उलट मऊ पडतो, ‘ह’ गळतो आणि ‘विल-अव’ एवढंच ऐकू येतं. सोयाबीनच्या सोंगणीचं वाक्य घ्या. ‘कट’चं तिसरं रूपही ‘कट’च, त्यामुळे क्रियापद पाहून काहीच कळत नाही. ‘वी विल-अव कट इट’ ऐकलं तर सोंगून झालेलं असेल, ‘वी विल हॅफ टू कट इट’ ऐकलं तर सोंगावं लागेल. ‘पिक्ट’मध्ये तर वेगळीच गंमत आहे. लिहिताना शेवटी डी असतो, उच्चार ‘ट’ होतो, आणि भरभर बोलताना पुढच्या ‘द’मध्ये तोही विरतो. तेव्हा कान ‘हॅव’वरच ठेवावा.

आता पूर्णतेचा अर्थ जरा खोलात पाहू. हान्स रायखेनबाख या जर्मन तत्त्वज्ञांनी १९४७ साली काळ समजून घ्यायला तीन बिंदूंची रीत मांडली: बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि जिथे उभं राहून मागे बघायचं तो क्षण. ‘बाय दिवाळी, वी विल हॅव पिक्ट द कॉटन’ या वाक्यात तिसरा बिंदू दिवाळी आहे. वेचणी दिवाळीच्या आत संपलेली असेल एवढीच हमी आहे. ती नेमकी कधी संपेल हे वाक्य सांगत नाही. बोलण्याच्या आधीच ती संपलेली असली तरी वाक्य चूक ठरत नाही. म्हणूनच फाट्यावर सातची एसटी चुकली की सव्वासातला ‘द बस विल हॅव लेफ्ट’ म्हणता येतं, अगदी आपल्या ‘गेली असेल’सारखं. त्यात भविष्य नाही, अंदाज आहे. मराठीचा ‘असेल’ही ही दोन्ही कामं करतो, म्हणून हा भाग आपल्याला सोपा जातो.

हा तिसरा बिंदू वाक्यात दिला नाही, किंवा आधीच्या बोलण्यातून कळला नाही, तर ‘विल हॅव पिक्ट’ अधांतरी लटकतं. बिंदू द्यायचा तो ‘बाय’ने, ‘टिल’ने नाही. इथे मराठीचा ‘पर्यंत’ घोटाळा करतो. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज भरा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबा’ यांत आपल्याला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत मुदतीला ‘बाय’, आणि तोवर चालू राहणाऱ्या गोष्टीला ‘टिल’. ‘बाय द टाइम’ने जोडलेल्या वाक्यात ‘विल’ एकदाच येतो: ‘बाय द टाइम द रेन कम्स, वी विल हॅव सोन’, म्हणजे पाऊस येईपर्यंत आमची पेरणी झालेली असेल. पाऊस पुढे यायचा असला तरी तिथे ‘विल कम’ चालत नाही.

‘शी विल हॅज’ ही चूकही वारंवार दिसते. ‘विल’नंतर क्रियापद मूळ रूपातच राहतं, कर्ता कोणीही असो. ‘विल मस्ट’ही होत नाही, कारण ‘मस्ट’ला ‘विल’पुढे ठेवण्यासारखं मूळ रूपच नाही. त्याच्या जागी ‘विल हॅव टू’ येतं, तसंच ‘विल कॅन’च्या जागी ‘विल बी एबल टू’.

नकारात तर जास्तच जपावं लागतं, कारण अर्जाच्या सूचनांमध्ये तिथेच पैसे आणि मुदती अडकलेल्या असतात. ‘यू विल नॉट हॅव टू पे’ म्हणजे पैसे भरावे लागणार नाहीत. तरी भरले तर तो तुमचा प्रश्न. ‘यू मस्ट नॉट पे’ म्हणजे भरायचेच नाहीत. पहिल्यात सूट आहे, दुसऱ्यात मनाई. आणि ‘यू विल नॉट हॅव पेड’ म्हणजे तोपर्यंत तुमचे पैसे भरून झालेले नसतील.

पूर्णता आणि बंधन एकाच वाक्यात आले की मुलं हात टेकतात. पण मराठीकडून गेलं तर वाट सापडते. ‘जुलैच्या मध्यापर्यंत अनेकांना दुबार पेरणी करावी लागली असेल.’ याचा शेवट उलगडला तर आधी क्रिया येते (कर), मग बंधन (आवी लाग), मग पूर्णता (ली) आणि शेवटी भविष्य (असेल). इंग्रजीत म्हणतात, ‘बाय मिड-जुलै, मेनी विल हॅव हॅड टू सो ट्वाइस.’ भविष्य ‘विल’, पूर्णता ‘हॅव’, बंधन ‘हॅड टू’, मग क्रिया ‘सो’. क्रम अगदी आरशातल्यासारखा उलटा आहे. ‘हॅड’ इथे भूतकाळ नाही, तो ‘हॅव’चंच तिसरं रूप आहे, कारण त्याच्या आधीचा ‘हॅव’ तिसरं रूप मागतो.

बंधन आधी आणि पूर्णता नंतर घ्यायची असली तरी हीच रीत चालते. ‘जूनपर्यंत बारावी पास झालेलं असावं लागेल.’ शेवटाकडून वाचा: लागेल, असावं, झालेलं, पास. भविष्य आणि बंधन आधी, पूर्णता नंतर. म्हणजे ‘विल हॅव टू’, त्यापुढे पूर्णतेचा ‘हॅव’, मग ‘पास्ट’: ‘यू विल हॅव टू हॅव पास्ट ट्वेल्फ्थ बाय जून.’ इथे पहिला ‘हॅव’ ‘हॅफ’ असा ऐकू येईल आणि दुसरा ‘अव’ असा.