शेवगा
शेवगा : (शेगट, शेगवा, शेगूल, हिं. सहिजन, मुनगा, गु. सरगवो; क. नुग्गे, त. मुरुंगै; सं. शिग्रु, शोभांजन; लॅ. मोरिंगा ओलिफेरा, कुल – मोरिंगेसी). परसात, शेताच्या बांधावर व विहिरीच्या कडेला लावला जाणारा, झपाट्याने वाढणारा लहान ते मध्यम पानझडी वृक्ष. शेंगा, पाने व फुले भाजीसाठी वापरतात. मोरिंगा प्रजातीत सुमारे १३ जाती मानल्या जातात. त्या भारत, अरबस्तान, ईशान्य आफ्रिका व मादागास्कर येथे आढळतात. प्रस्तुत जातीचे मूलस्थान वायव्य भारतातील हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश असावे, असे बहुतेक वनस्पतिवैज्ञानिक मानतात. मात्र शेकडो वर्षे फांद्या लावून प्रसार झाल्यामुळे मूळचे झाड कोणते आणि लागवडीतून निसटलेले कोणते, हे सांगणे कठीण आहे.

मराठी नावाची व्युत्पत्ती संस्कृत ‘शिग्रु’ व पाली ‘सिग्गु’ या मार्गाने लावतात. त्यातून ‘शेग-’ हे अंग सिद्ध होते. शेगट, शेगूल, शेगवा ही रूपे त्याला निरनिराळे प्रत्यय लागून झाली असावीत. शेगवा या रूपात ग आणि व यांची अदलाबदल होऊन आजचे शेवगा हे रूप आले, असे मानणे सयुक्तिक वाटते. शास्त्रीय नावातील ‘मोरिंगा’ मात्र तमिळ-मलयाळम ‘मुरुंगै’, ‘मुरिंग’ या शब्दांवरून आला आहे. संस्कृत कोशांत ‘मुरंगी’ असाही पर्याय मिळतो, म्हणजे द्राविडी नावही संस्कृतात शिरले होते. ‘शिग्रु’ हा शब्दच मुळात आर्येतर असावा, असे एक मत आहे. ऋग्वेदात (७.१८.१९) सुदास राजाने हरवलेल्या जनांत अज व यक्षू यांच्याबरोबर शिग्रू नावाचा जन येतो. हे नाव झाडावरून पडलेले कुलचिन्हदर्शक (जनाचे प्रतीक मानलेल्या झाडाचे) नाव असावे, अशी शक्यता काही वेदाभ्यासकांनी मांडली आहे. या जनाचा उल्लेख एवढाच असल्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये हे बरे. ऋग्वेदकाळी शेवगा लागवडीत होता, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

अमरकोशात शोभांजन, शिग्रु, तीक्ष्णगंधक, अक्षीव व मोचक ही नावे एकत्र दिली असून तांबड्या प्रकारास मधुशिग्रु म्हटले आहे. चरकसंहितेत शोभांजन स्वेदोपग (घाम आणण्यास साहाय्य करणाऱ्या) द्रव्यांत येतो. सुश्रुतसंहितेच्या वरुणादी गणात शिग्रु आणि मधुशिग्रु ही दोन्ही नावे शेजारी शेजारी आहेत. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात श्याम, श्वेत व रक्त असे तीन प्रकार सांगितले असून बियांना श्वेतमरिच हे नाव दिले आहे. मधुशिग्रु म्हणजे नेमके कोणते झाड, याविषयी एकवाक्यता नाही. काहींच्या मते तो रानशेवगा (मोरिंगा कोकॅनेन्सिस) होय, कारण त्याच्या पिवळसर पाकळ्यांवर तांबड्या शिरा असतात. इतरांच्या मते तो नेहमीच्या शेवग्याचाच तांबूस छटेचा प्रकार आहे. ग्रंथांतील वर्णने त्रोटक आहेत आणि लागवडीतील झाडांतही फुलांच्या व शेंगांच्या रंगात फरक दिसतो, हे पाहता दुसरे मत अधिक सावध वाटते. रानशेवग्याचे शास्त्रीय नाव डॅलझेल व गिब्सन यांच्या १८६१ सालच्या मुंबई इलाख्यावरील वनस्पतिग्रंथातून प्रसिद्ध झाले. नावात कोकण असले, तरी हे झाड कोरड्या डोंगरउतारांवरचे आहे. त्याची पाने बहुधा दोनदाच विभागलेली व दले मोठी असतात, तर शेवग्याची पाने तीनदा विभागलेली असतात.

नामकरणाचा इतिहासही सरळ नाही. लिनीअस यांनी १७५३ मध्ये ही जात गिलँडिना प्रजातीत, म्हणजे शिंबावंतांच्या (वाटाणा-हरभरा यांसारख्या शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या) सोबतीला ठेवली होती. लामार्क यांनी १७८५ मध्ये तिला ओलिफेरा (तेल देणारी) हे नाव दिले, तर गेर्टनर यांनी १७९१ मध्ये टेरिगोस्पर्मा (सपक्ष बियांची). आधी दिलेले नाव मानण्याच्या अग्रक्रमाच्या नियमाने लामार्क यांचे नाव ग्राह्य ठरले, तरी जुन्या भारतीय औषधिग्रंथांत टेरिगोस्पर्मा हेच नाव सर्रास आढळते. शेवग्याचे शिंबावंत कुलाशी नाते नाही. लोक जिला शेंग म्हणतात, ते वनस्पतिविज्ञानानुसार तीन शकलांनी तडकणारे बोंड आहे आणि आतील बियांना तीन पातळ पंख असतात. हल्ली हे कुल मोहरीच्या गणात घालतात. मुळीचा वास मोहरीसारखा झोंबतो त्याचे कारण हेच : दोन्हींत ग्लुकोसिनोलेट वर्गातील द्रव्ये असतात आणि ती पेशी चुरडल्यावर फुटून आयसोथायोसायनेटे ही झोंबणारी द्रव्ये तयार होतात. ब्रिटिश अंमलात मुळी किसून तोंडीलावण्यासाठी वापरत. ‘हॉर्सरॅडिश ट्री’ हे इंग्रजी नाव त्यावरून पडले.

झाड १०–१२ मी.पर्यंत वाढते. साल जाड, बुचासारखी व भेगाळ असून खाच पाडल्यास पांढरट डिंक पाझरतो व तो पुढे तांबूस होतो. फुले पांढरट, सुवासिक, झुबक्यांनी येतात. पाच केसरदले कार्यक्षम व पाच वंध्य असतात. किंजपुटात एकच कप्पा असतो. बोंडे लोंबती, धारदार कडांची, बहुधा ३०–५० सेंमी. लांब असतात. काही प्रकारांत ती मीटरभरही होतात.

बियांत ३५–४० टक्के तेल असते. त्यात ओलेइक अम्ल सुमारे ७० टक्के असते. बेहेनिक अम्लाला त्याचे नाव या तेलाच्या ‘बेन तेल’ या व्यापारी नावावरून मिळाले. हे तेल लवकर खवट होत नाही, म्हणून घड्याळांच्या वंगणात व सुगंधी द्रव्यांत वापरले जाई. प्राचीन ईजिप्तमध्ये शेवग्याचे तेल वापरत, हे विधान मात्र तपासून घ्यावे लागते. तेथील तेल बहुधा अरबस्तान व तांबड्या समुद्राकाठच्या मोरिंगा पेरेग्रिना या वेगळ्या जातीचे होते. बियांतील धनभारित प्रथिनांमुळे गढूळ पाण्यातील गाळ एकत्र येऊन खाली बसतो. सुदानमध्ये नाईलचे पाणी अशा रीतीने निवळून घेण्याची पद्धत आहे. मुळीच्या सालीत विषारी अल्कलॉइडे असल्यामुळे ती पोटात घेणे धोक्याचे असते व गर्भारपणी वर्ज्य मानतात.

पोषणमूल्याविषयी बरेच लिहिले जाते, आणि त्यातील बहुतेक पानांविषयी असते, शेंगेविषयी नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅ. ताज्या पानांत प्रथिने ६.७ ग्रॅ., कॅल्शियम ४४० मिग्रॅ., कॅरोटीन (ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनते) ६,७८० मायक्रोग्रॅम व क जीवनसत्त्व २२० मिग्रॅ. असते. शेंगांत प्रथिने २.५ ग्रॅ., कॅल्शियम अवघे ३० मिग्रॅ. व क जीवनसत्त्व १२० मिग्रॅ. असते. ‘संत्र्याच्या सातपट क, दुधाच्या चौपट कॅल्शियम, गाजराच्या चौपट अ’ ही जगभर फिरणारी घोषणा याच कोष्टकांतील आकड्यांशी जुळते : त्यांत संत्र्याला ३० मिग्रॅ. क, गाईच्या दुधाला १२० मिग्रॅ. कॅल्शियम व गाजराला १,८९० मायक्रोग्रॅम कॅरोटीन दिले आहे. २०१७ च्या नव्या कोष्टकांत पानांचे कॅल्शियम ३१४ व क जीवनसत्त्व १०८ मिग्रॅ.पर्यंत उतरले आहे. लोहाचा आकडा तर दोनदा बदलला : प्रथम ७ मिग्रॅ., मग सुधारित ०.८५ आणि आता सुमारे ४.६. पानांचे वय, माती, ऋतू व मोजण्याची पद्धत यांनुसार असे फरक पडतात. शिवाय कोष्टकातील सगळे लोह शरीराला मिळत नाही, कारण पानांतील फायटेटे व पॉलिफिनॉले त्याचे शोषण रोखतात. शिजवताना क जीवनसत्त्वाचा मोठा भाग जातो.

वाळलेल्या पानांच्या भुकटीची ताज्या पदार्थाशी तुलना करणे हा आणखी एक घोटाळा. १०० ग्रॅ. भुकटीत प्रथिने सुमारे २७ ग्रॅ. व कॅल्शियम सुमारे २,००० मिग्रॅ. असते, पण क जीवनसत्त्व २० मिग्रॅ.पेक्षाही कमी उरते. आणि भुकटी १०० ग्रॅ. कोणी खात नाही. पाच ग्रॅमच्या चमच्यातून सुमारे १०० मिग्रॅ. कॅल्शियम मिळते. तेवढे अर्धा कप दुधातही असते. म्हणून पाने निकृष्ट ठरत नाहीत. पालेभाज्यांत त्यांचे स्थान वरचेच राहते. तीनशे रोगांवरील औषध किंवा मौर्य सैनिकांचा आहार अशी विधाने मात्र आधाराशिवाय एकमेकांकडून उचललेली दिसतात.

सातारा जिल्ह्यातील माण, खटाव व फलटण आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत, कवठे महांकाळ व खानापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. मुरमाड, पाणी न धरणाऱ्या जमिनीत शेवगा तेथे चांगला येतो. कृष्णाकाठच्या भारी काळ्या रानात पाणी साचले की मुळे कुजतात, आणि महाबळेश्वर-पाटणकडचा पाऊस त्याला मानवत नाही. परंपरेने एखाद-दुसरे झाड फांदी रोवून लावत व त्याचे उत्पन्न घरातल्या बाईच्या हाती असे. सलग लागवड अलीकडची आहे. ती तमिळनाडूतील पेरियकुळम येथे निवडलेल्या व १९८९ मध्ये प्रसारित झालेल्या पीकेएम-१ या वाणामुळे रुजली. बियांपासून लावलेले हे झाड सहा-आठ महिन्यांत फळते. २.५ × २.५ मी. अंतराने हेक्टरी १,६०० झाडे बसतात. हंगामानंतर खोड जमिनीपासून सुमारे ९० सेंमी.वर छाटून खोडवा घेतात. कोकण कृषी विद्यापीठाचा कोकण रुचिरा हाही एक वाण आहे. फुलोऱ्यात जास्त पाणी दिल्यास फूल गळते, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. केसाळ अळ्या खोडावर पुंजक्याने बसून पाला फस्त करतात. बी संकरित परागणाने धरत असल्याने शेजारच्या झाडाचा वाण त्यात मिसळतो. बाजारात देशी शेंगेला चवीमुळे वेगळे गिऱ्हाईक असते.

शेंगांची आमटी, पिठल्यातील शेंगा, फुलांची भाजी आणि मूगडाळ-लसूण घालून केलेली पाल्याची भाजी घराघरांत होते. देशावर पाला शेंगेइतका खाल्ला जात नाही. कोकणात गोकुळाष्टमीला शेगलाची (शेवग्याच्या पाल्याची) भाजी करण्याचा रिवाज आहे, तसा विशिष्ट सणाशी जोडलेला पदार्थ सातारा-सांगलीच्या या भागात ठळकपणे दिसत नाही. शेवग्याच्या एका झाडावर गुजराण करणाऱ्या आळशी घराचे झाड पाहुण्याने रात्री तोडल्याची गोष्ट मराठीत सर्वत्र सांगितली जाते.

पाला शेळ्यांना घालतात. लाकूड मऊ व ठिसूळ असल्याने इमारतीला किंवा अवजारांना चालत नाही, जळणही हलकेच. फांदी माणसाचे वजन पेलत नाही, म्हणून शेंगा खालूनच आकडी बांधलेल्या काठीने काढतात.