लिंबूटिंबूचा विजय

ज्या टीमला कुणी हिशोबातच धरत नव्हतं तिनं दादा टीमला हरवणं, आणि ते पण देशात वातावरण तापलेलं असताना, याला लिंबूटिंबूचा विजय म्हणता येईल. आता सगळे अंडरडॉग म्हणतात, पण गल्लीत खेळताना लहान पोराला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे, आउट झाला तरी धरायचे नाहीत, तो शब्द इथं जास्त बसतो. असा विजय मैदानापुरता राहत नाही, ज्याला खेळातलं काही कळत नाही त्याला पण तो घरचा वाटतो, आणि त्यानं देशाचं मनोबल वाढतं असं म्हणतात.

जगात नेहमी सांगतात ती मॅच २२ फेब्रुवारी १९८० ची, लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमधली. आइस हॉकीत अमेरिकेच्या कॉलेजातल्या पोरांनी सोव्हिएत संघाला ४-३ नं हरवलं, तेरा दिवस आधी याच पोरांनी त्यांच्याकडून १०-३ असा मार खाल्लेला, तिकडं तेहरानमध्ये अमेरिकेची माणसं ओलीस आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसलेल्या. इराकनं २००७ मध्ये फुटबॉलचा आशिया कप जिंकला तो तर याहून अवघड काळ, घरी यादवी पेटलेली, बॉम्बस्फोट रोजचे, सेमीफायनल जिंकल्यावर बगदादमध्ये रस्त्यावर नाचणारी माणसं स्फोटात मेली. तरी चार दिवसांनी जकार्तात सौदीला १-० नं हरवलं, कॉर्नर मारणारा हवार हा कुर्द समाजातला होता आणि कॅप्टन युनिस महमूदनं हेडर घातला.

आपल्यासाठी मात्र हा विषय म्हणजे २५ जून १९८३, क्रिकेट वर्ल्डकपची फायनल. त्याआधीच्या दोन वर्ल्डकपमध्ये मिळून भारतानं एकच मॅच जिंकलेली, ती पण पूर्व आफ्रिकेशी, आणि समोर वेस्ट इंडिज, दोन्ही वेळचे चॅम्पियन. देशातलं वातावरण पण काही बरं नव्हतं, फेब्रुवारीत आसाममध्ये नेलीचं हत्याकांड झालेलं, पंजाब धुमसत होता, एप्रिलमध्ये सुवर्णमंदिराच्या दारात पोलीस अधिकारी अटवालांना गोळ्या घातलेल्या.

लॉर्ड्सवर भारत १८३ ला ऑलआउट झाला तेव्हा इकडं पेरणीचे दिवस, आभाळाकडं बघून दमलेली माणसं. टीव्ही फार थोड्या घरांत, बाकी सगळा कारभार ट्रान्झिस्टरवर. माझे मोठे चुलते सांगतात, सेल उतरलेले म्हणून दिवसभर पत्र्यावर उन्हात ठेवले होते, रात्री रेडिओ कानाला लावून एकजण ऐकायचा आणि बाकीचे "काय व्हायलंय रे, काय व्हायलंय" करत त्याच्या तोंडाकडं बघायचे. रिचर्ड्स २८ बॉलमध्ये ३३ वर, सगळ्यांनी आशा सोडलेली, आणि मदनलालच्या बॉलवर कपिलनं उलटं पळत जाऊन तो कॅच घेतला. वेस्ट इंडिजचे ५७ ला तीन आउट, ७६ ला सहा. मग ड्युजॉन आणि मार्शलनं जीव टांगणीला लावला, पण मोहिंदरनं दोघांनाही काढलं आणि होल्डिंगला पायचीत करून १४० वर खेळ संपवला. ४३ रननी जिंकलो, आपल्याकडं तेव्हा मध्यरात्र व्हायला आलेली.

मनोबल वाढलं म्हणजे नेमकं काय झालं, हे इथं जरा थांबून बघावं वाटतं. मराठवाड्यात तेव्हा विद्यापीठ नामांतराची जखम ताजी होती. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि लगेच गावोगाव दलित वस्त्या जाळल्या गेल्या, त्याला पाचच वर्षं झालेली. त्यामुळं "त्या रात्री अख्खं गाव एक झालं" असं कुणी म्हणलं की मला ते पटत नाही. चुलत्यांच्या गावात एक रेडिओ पारावर होता आणि एक दलित वस्तीत, पारावरची माणसं वस्तीत गेली नाहीत आणि वस्तीतली पारावर आली नाहीत. पण होल्डिंग आउट झाला तेव्हा दोन्हीकडून एकदमच आरडाओरडा उठला, आणि पारावरच्यांनी तो वस्तीतला आवाज ऐकला, हे चुलते आजही तेवढ्याच ओढीनं सांगतात. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला त्यानंतरही १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं.