खिशात फाइव्हजी, सेटिंगमध्ये फोरजी

१ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते फाइव्हजीचं उद्घाटन झालं. एअरटेलने पहिल्या फेरीसाठी निवडलेल्या आठ शहरांत मुंबईच्या जोडीने नागपूरही होतं. जिओने दसऱ्याचा मुहूर्त साधून मुंबईसह चार शहरांत निवडक ग्राहकांना आमंत्रणं धाडली. ज्यांच्याकडे महागडा फोन होता त्यांनी तो काढला, सेटिंगमध्ये गेले, आणि पाहतात तर फाइव्हजीचा पर्यायच नाही. खोक्यावर फाइव्हजी छापलेलं, सिम चालू, टॉवर चालू, आणि फोन मात्र फोरजीवर ढिम्म.

घोळ साधा होता. आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनांत फाइव्हजीची यंत्रणा आधीपासूनच होती, पण भारतातल्या मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यावर ती चालू करणारं सॉफ्टवेअर ॲपलने अजून सोडलं नव्हतं. सॅमसंगच्याही बऱ्याच मॉडेलांचं तेच. शेवटी सरकारने फोन बनवणाऱ्यांना आणि जाळं चालवणाऱ्यांना एका टेबलाशी बसवलं. आयफोनचं अपडेट सगळ्यांपर्यंत पोचायला डिसेंबर उजाडला. उद्घाटनाच्या दोनच महिने आधी फाइव्हजीच्या लहरींचा, म्हणजे स्पेक्ट्रमचा, लिलाव सात दिवस, चाळीस फेऱ्या चालला होता आणि त्यात दीड लाख कोटींहून अधिक रुपयांच्या बोल्या लागल्या होत्या. एवढा पैसा लावून उभा केलेला गाडा एका अपडेटपाशी अडला.

हे पहिल्यांदा घडलं असतं तर बालंट ॲपलवर टाकून मोकळं होता आलं असतं. पण भारतात मोबाइल आल्यापासून हेच चाललंय. कधी फोन आधी येतो आणि जाळं मागून, कधी जाळं उभं राहतं आणि त्यावर चालणारा फोन बाजारात नसतो. नव्या पिढीची तयारी म्हटलं की मोबाइल कंपन्या टॉवर, फायबर आणि लहरींचे आकडे पुढे करतात. ग्राहकाच्या खिशात नेमकं काय आहे, हा हिशेब माझ्या मते त्यांना दरवेळी उशिरा सुचलाय.

याचं मूळ आपल्या बाजाराच्या घडणीत आहे. जपानमध्ये डोकोमो या मोबाइल कंपनीने १९९९ मध्ये आय-मोड ही इंटरनेट सेवा आणली आणि २००१ च्या ऑक्टोबरमध्ये फोमा नावाने थ्रीजी. तिथे फोन कसा हवा, त्यात कुठलं बटण कुठे, हे मोबाइल कंपनी ठरवायची आणि एनईसी, पॅनासॉनिक वगैरे मंडळी त्या मागणीप्रमाणे फोन बनवून द्यायची. विक्रीही कंपनीच्याच नावाने. सेवा आणि फोन एकाच हातात.

आपल्याकडे ३१ जुलै १९९५ ला बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हापासून दोन वाटा वेगळ्या पडल्या. मोबाइल कंपनीने सिम द्यायचं, फोन ज्याचा त्याने आणायचा. मुंबईत तेव्हा बीपीएल आणि मॅक्स टच या दोन कंपन्या होत्या. (मॅक्स टचचं पुढे ऑरेंज झालं, मग हच, मग व्होडाफोन, आता व्हीआय. एकाच नंबराने इतकी नावं पाहिलेले मुंबईकर अजून भेटतात.) फोन दुबईहून येणाऱ्या नातेवाइकाकडून, नाहीतर मनीष मार्केट किंवा हिरापन्नासारख्या बाजारातून, बिल न मागता. आपल्या जाळ्यावर कोणते फोन फिरतायत हे कंपनीला पक्कं ठाऊक नसे, आणि बिघडायचंही काही नाही. कॉल आणि एसएमएस, बस. ते सगळ्याच फोनांवर चालायचं.

गाडी अडायला लागली ती डेटा आल्यावर. जीपीआरएस, म्हणजे फोनवरचं तेव्हाचं इंटरनेट, चालू करण्याचा सोहळा ज्यांनी केलाय त्यांना आठवत असेल. कस्टमर केअरला फोन लावायचा, हँडसेटचं मॉडेल सांगायचं, मग 'सेटिंग' एसएमएसने यायची. पिन विचारला की १२३४ टाकायचा, सेव्ह करायचं, फोन बंद करून पुन्हा चालू करायचा. कंपनीच्या यादीत मॉडेल असेल तर जमलं. माझ्याकडे त्या काळात एक 'चायना' फोन होता. चार स्पीकर, दोन सिम, मागे टीव्हीची अँटेना, आणि नाव असं की पलीकडची मुलगी तीनदा स्पेलिंग विचारून शेवटी म्हणाली, "सर, हा फोन आमच्या सिस्टिममध्ये नाहीये." फोन हातात होता, बोलणं त्याच्यावरूनच चाललं होतं, पण कंपनीच्या लेखी तो नव्हताच. अशा कितीतरी फोनांना आयएमईआय हा ओळख क्रमांकच नसायचा. मुदती वाढवत वाढवत अखेर १ डिसेंबर २००९ पासून सरकारने ते बंद पाडायला लावले, तेव्हा लोक पैसे भरून फोनात नंबर घालून घ्यायला रांगेत उभे राहिले.

मराठीचीही गत निराळी नव्हती. देवनागरीत एसएमएस पाठवता येत होता, पण रोमन लिपीत १६० अक्षरं मावणाऱ्या संदेशात देवनागरीची ७०च मावत आणि काना-मात्राही त्यात मोजले जात. दिवाळीच्या शुभेच्छा दोन मेसेजच्या पैशात जायच्या, आणि समोरच्याचा फोन जुना असेल तर त्याला नुसते चौकोन दिसायचे. पाठवणाऱ्याच्या कंपनीने सेवा दिली, घेणाऱ्याच्या फोनाने ती नाकारली. आपण रोमन लिपीत मराठी लिहायला लागलो त्यामागे आळसापेक्षा हे चौकोन जास्त आहेत.

एक अपवाद सांगायला हवा. २८ डिसेंबर २००२ ला रिलायन्स इन्फोकॉमने सीडीएमए या वेगळ्या तंत्रावर सेवा काढली. त्या फोनांत वेगळं सिम नव्हतं. फोनच कंपनीचा, त्यातला 'आर वर्ल्ड' हा मेनूही कंपनीचा. पुढच्या वर्षी 'मान्सून हंगामा'त ५०१ रुपये भरून फोन हातात पडला. ही जपानी पद्धतीच्या सगळ्यात जवळ जाणारी भारतीय चाल. फोन आणि जाळं एका हाती आल्याने सेवा पहिल्या दिवसापासून चालली. पण कंपनी बदलायची तर फोन टाकून द्यावा लागे, आणि सिम काढून सिम घालायची सवय लागलेल्या बाजाराला ते फार दिवस मानवलं नाही.

मग २००८. त्या वर्षी २२ ऑगस्टला आयफोन थ्रीजी भारतात आला. एअरटेल आणि व्होडाफोन तो ३१,००० रुपयांपासून विकत होत्या. नावातच थ्रीजी, आणि विकणाऱ्या दोघींकडेही थ्रीजीचं जाळं नव्हतं. देशात थ्रीजी आधी सुरू केलं ते सरकारी एमटीएनएलने, त्याच डिसेंबरात दिल्लीत. खासगी कंपन्यांना लहरी मिळायला २०१० चा लिलाव यावा लागला. तो ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चालला, सरकारला साधारण ६७,७०० कोटी मिळाले. परवाने सर्कलवार, म्हणजे विभागवार; एकट्या मुंबई सर्कलचा भाव ३,२४७ कोटी.

भाव इतका चढला की देशभरातल्या सगळ्या सर्कलचं थ्रीजी एकाही खासगी कंपनीच्या हाती लागलं नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या. दूरसंचार खात्याच्या नकाशात महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, मुंबई वेगळी. एअरटेलला मुंबई मिळाली, उरलेला महाराष्ट्र नाही. आयडियाला महाराष्ट्र मिळाला, मुंबई नाही. म्हणजे पुण्यात आयडियाच्या थ्रीजीवर असलेला माणूस मुंबईत पोचला की त्याच्या फोनाला दुसऱ्याच्या टॉवरच्या आसऱ्याशिवाय थ्रीजी नाही. कंपन्यांनी एकमेकांचं जाळं वापरायचे करार केले, सरकारने ते बेकायदा ठरवले, वाद न्यायाधिकरणात गेला आणि २०१४ मध्ये कंपन्यांच्या बाजूने निकाल लागला. तोवर थ्रीजीचे दिवस भरत आले होते.

फोरजीच्या वेळी उलटं झालं. एअरटेलने १० एप्रिल २०१२ ला कोलकात्यात देशातलं पहिलं फोरजी सुरू केलं आणि त्याच वर्षी पुण्यातही आणलं. स्वतःच्या थ्रीजी लहरी नसलेल्या महाराष्ट्रात कंपनीकडे फोरजी होतं, ही त्यातली गंमत. पण ते २३०० मेगाहर्ट्झवर आणि टीडीडी, म्हणजे एकाच लहरीवर आळीपाळीने पाठवण्या-घेण्याच्या, पद्धतीचं. जगातले तेव्हाचे बहुतेक फोरजी फोन वेगळ्या बँडवर, म्हणजे लहरींच्या वेगळ्या पट्ट्यावर, चालत. त्यामुळे पुणेकरांना मिळालं ते डोंगल आणि घरात ठेवायचं मोडेम. फोनवर फोरजी द्यायला एअरटेलला २०१४ उजाडलं, तेही आधी बेंगळुरूत. दोन वर्षं टॉवर फोनाची वाट पाहत उभा होता.

ही वाट पाहणं परवडणार नाही, हे ओळखून कामाला लागली ती एकच कंपनी, आणि तीही नाइलाजाने. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. बाकीच्या कंपन्यांचं फोरजी तेव्हा फक्त डेटासाठी होतं. कॉल आला की फोन गुपचूप थ्रीजी किंवा टूजीवर उतरायचा, बोलणं संपलं की परत वर चढायचा. जिओला खाली उतरायला पायरीच नव्हती, कारण त्यांच्याकडे टूजी-थ्रीजी नव्हतंच. बोलणंही फोरजीवरूनच, म्हणजे वोल्टीने, व्हायला हवं. आणि वोल्टी नुसत्या चिपने चालत नाही. प्रत्येक मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या त्या मोबाइल कंपनीची जुळणी बसवावी लागते, ती दोन्हीकडच्या इंजिनिअरांनी तपासावी लागते.

त्या दिवसांत कुठल्याही मोबाइल दुकानाच्या काउंटरवर एक संवाद हमखास ऐकू यायचा. "काका, फोन फोरजी आहे, पण वोल्टी नाहीये." "मग दुकानदाराने सांगितलं फोरजी आहे म्हणून?" "फोरजी आहेच हो. वोल्टी नाहीये." काकांच्या चेहऱ्यावर आपल्याला फसवलंय हे कळतं, कोणी ते कळत नाही. मग त्यांच्या फोनात जिओचं कॉलिंगचं ॲप टाकून दिलं जायचं, आणि ते चालू ठेवायचं विसरलं की फोन लागायचा नाही.

जिओने मात्र एकाच उपायावर भिस्त ठेवली नाही. सेवा सुरू होण्याआधीच लाइफ नावाने स्वतःचे वोल्टी फोन दुकानांत आणले होते. ज्यांचा फोन जुना त्यांना खिशात मावणारं जिओफाय हे वायफायचं यंत्र आणि ॲप. फुकटची मुदत डिसेंबरवरून मार्चपर्यंत वाढवली. आणि ज्यांच्याकडे बटणांचा फोन त्यांच्यासाठी जुलै २०१७ मध्ये १,५०० रुपये अनामत घेऊन जिओफोन जाहीर केला. मोबाइल कंपनीने फोन बनवून घेण्याची जी रीत आपण २००३ च्या 'मान्सून हंगामा'त पाहिली होती, ती चौदा वर्षांनी परत आली. त्यालाही मर्यादा होत्याच. जिओफोन हातात पडला तेव्हा त्यात व्हॉट्सॲप नव्हतं, ते आलं २०१८ मध्ये. गावाकडे फोन घेऊन बसलेल्या कित्येकांसाठी इंटरनेट म्हणजे तेवढंच होतं. जाळं तयार, फोन तयार, आणि हवी ती सेवा दारात थांबलेली.

एअरटेलने स्वतःचं वोल्टी २०१७ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईपासून सुरू केलं, तेही आधी ठरावीक मॉडेलांवर. सरकारनेही या खेळात एकदा हात घालून पाहिला. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनात पॅनिक बटण सक्तीचं झालं. बटणांच्या फोनावर ५ किंवा ९ दाबून धरायचं की मदतीचा कॉल ११२ ला. फोन आधी तयार झाले. पलीकडे तो कॉल घेणारी ११२ ची यंत्रणा राज्याराज्यांत उभी राहू लागली ती २०१८ च्या अखेरीपासून.

खिसा पाहून घेतलेला निर्णय म्हणून मला एकच नीट दिसतो. २०१९ मध्ये एअरटेलने कोलकात्यापासून थ्रीजी बंद करायला घेतलं आणि टूजी चालू ठेवलं. वरवर पाहता हे उफराटं. नवं बंद, जुनं चालू. पण थ्रीजीचा फोन वापरणारा पुढचा फोन फोरजीचाच घेणार होता, आणि बटणांचा फोन वापरणारी आजी तो बदलणार नव्हती. शिवाय दुकानातली कार्ड घासायची मशिनं, गाड्यांना लावलेले ट्रॅकर, अशी बरीच मुकी यंत्रंही टूजीवरच बोलत होती.

फाइव्हजीच्या वेळी दोन मोठ्या कंपन्यांनी दोन रस्ते धरले. एअरटेलने फोरजीच्या पाठीवर फाइव्हजी बसवलं. त्यामुळे जास्त प्रकारचे फोन लवकर चालले. जिओने ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी घेऊन पूर्ण स्वतंत्र फाइव्हजी उभारलं, त्याला फोनही तसाच लागतो. २०२२ च्या त्या ऑक्टोबरात फोन बनवणाऱ्यांना म्हणूनच एका देशासाठी दोन जुळण्या तपासाव्या लागल्या. व्हीआय मुंबईत फाइव्हजी घेऊन आली ती मार्च २०२५ मध्ये, तोवर फोनांचा प्रश्न बराचसा मिटला होता. मागून येण्याचा एवढा एक फायदा.

बराचसाच मिटला, कारण बोलण्याचं दुखणं एक मजला वर चढलंय. स्वतंत्र फाइव्हजीवर कॉल करायला फोनात आणखी एक नवी जुळणी लागते. ती नसली तर नंबर लावताक्षणी वरचं फाइव्हजीचं चिन्ह जातं, फोरजी येतं, आणि फोन ठेवला की काही क्षणांनी फाइव्हजी परत. पुढच्या वेळी कुणाला फोन लावाल तेव्हा कानाला लावण्याआधी स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्याकडे बघा.