मोठं पाकीट म्हणजे स्वस्तच?

‘मोठं पाकीट घ्या, नेहमी स्वस्त पडतं’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. बऱ्याचदा तो खराही ठरतो. म्हणूनच आपण भागाकार करायचं सोडतो आणि ‘फॅमिली पॅक’ हे शब्दच सवलतीसारखे वाटू लागतात.

समजा, नव्या पेठेत शेंगाचटणीचं २०० ग्रॅमचं पाकीट ७० रुपयांना आहे, अर्ध्या किलोचं १८० ला. शंभर ग्रॅमला लहान पडतं ३५, मोठं ३६! गणितही नको असेल तर बंद पाकिटावर एमआरपीच्या आसपास दर ग्रॅमचा किंवा किलोचा भाव शोधा. अक्षरं बारीक असतात एवढंच. इथे ०.३५ आणि ०.३६ दिसेल.

आणि हो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात उरलेली चटणी खवट झाली, तर तिचेही पैसे मोठ्या पाकिटाच्याच खात्यात धरा.