भाजल्याचे वण आणि २३ तासांचं प्रेशर गारमेंट : पार्श्वभूमी

भाजल्याची जखम भरली की उपचार संपले, असं घरच्यांना वाटतं. पण भरायला तीन आठवड्यांहून जास्त लागले असतील, तर पुढच्या महिन्यांत तिथली कातडी लाल, जाड, टणक होण्याची भीती असते. खाज झोपू देत नाही, सांध्यावरचा वण हात आखडवतो.

वण निवळावा, त्वचेचा रंग परत यावा यासाठीचे उपाय सुश्रुतसंहितेतही आहेत. आजची पद्धत मात्र गेल्या पन्नासेक वर्षांतली. १९७०च्या सुमारास युरोपात खोल भाजलेली कातडी सुरुवातीच्या दिवसांतच काढून त्वचारोपण करण्याला जोर आला. त्याच सुमारास टेक्सासमधल्या मुलांच्या एका बर्न रुग्णालयात, दाबाखाली राहिलेला वण सपाट होतो, हे लक्षात आलं. त्यातून मापाचे घट्ट लवचीक कपडे, म्हणजेच प्रेशर गारमेंट, आले आणि नियम बसला : दिवसाचे २३ तास, वण निवळेपर्यंत, म्हणजे बहुधा वर्षभर किंवा जास्तच.

हा नियम आधी अनुभवावर उभा राहिला, चाचण्या नंतर आल्या. २००९मध्ये सहा चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा वणाच्या एकूण स्वरूपात ठोस फरक दिसला नाही. जाडी किंचित कमी झाली, इतकंच. २०१०मध्ये बारा वर्षांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकाच हातावर एका पट्ट्यात नेहमीचा दाब होता, शेजारच्यात कमी. फायदा दिसला, पण मुख्यतः मध्यम आणि गंभीर वणांत.

तरीही आपल्याकडे सरसकट २३ तासच सांगितले जातात. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईला ते कसं जमणार? घामाने खाज वाढते, काही महिन्यांत कापड सैल पडतं, नवं शिवावं लागतं, धुण्यासाठी दुसरा जोड लागतोच. मग ‘पेशंट ऐकत नाही’ असा शेरा पडतो. हा अन्याय आहे. कोणाला खरंच गरज आहे, हे आधी ठरवायला हवं.

१९८०च्या दशकात सिलिकॉन जेलचे पट्टे आले, अलीकडे लेसर. पण ही सगळी नंतरची डागडुजी. खोल जखम लवकर झाकली जाणं जास्त मोलाचं, आणि मोठ्या भाजण्यात स्वतःची कातडी पुरत नाही. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली ती यासाठीच. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचादान करता येतं. ती त्वचा कायमची चिकटत नाही, पण स्वतःची कातडी लावता येईपर्यंत जखम झाकून धरते.