हळदीचा डाग आणि डब्यातला बोंबील

आमटीचा थेंब पांढऱ्या सदऱ्यावर पडला आणि घाईघाईने त्यावर साबण चोळला, की पिवळा डाग एकदम लालभडक होतो. लहानपणी मी याला जाम घाबरायचो. वाटायचं, डाग निघायचा राहिला बाजूलाच, उलट पक्का झाला. साबण धुऊन निघाला की तो गुपचूप पुन्हा पिवळा व्हायचा. हळदीतलं कुरकुमिन आम्लाच्या सहवासात पिवळं राहतं आणि आम्लारी भेटला की तांबडं होतं. हळदीत चुना मिसळून कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर चालते.

मासळी-मटणाच्या पाकिटात लावायच्या ताजेपणाच्या पट्ट्यांवर जगभरच्या प्रयोगशाळांत जे काम चालू आहे, त्यातलं बरंचसं या डागाचंच सुधारलेलं रूप आहे. पाकिटाच्या आतल्या बाजूला रंगाचा पातळ पापुद्रा लावायचा. माल खराब होऊ लागला की रंग बदलतो आणि पाकीट न फोडता बाहेरून कळतं.

समुद्रातल्या माशाच्या बाबतीत हे कसं घडतं, ते बघण्यासारखं आहे. भोवतीचं खारं पाणी शरीरातलं पाणी ओढून घेऊ नये म्हणून मासा आपल्या स्नायूंत ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ साठवतो. याला वास नसतो. मासा मेला की जिवाणू त्यावर तुटून पडतात. हवेतला ऑक्सिजन पुरेसा मिळेना, की ते या रेणूतला ऑक्सिजन काढून घेऊन आपलं भागवतात. मागे उरतं ट्रायमिथिलअमाइन, म्हणजे शिळ्या मासळीचा तो ओळखीचा वास. पुढे प्रथिनं कुजू लागली की अमोनियाही येतो. हे सगळे वायू आम्लारी. ते पट्टीतल्या ओलाव्यात विरघळतात, तिथला सामू, म्हणजे पीएच, वर चढतो आणि रंग पालटतो. रोहू-कटल्यासारख्या गोड्या पाण्यातल्या माशांत हा ऑक्साइड फारच कमी असतो, म्हणून त्यांच्या कुजण्याचा वास निराळा आणि त्यांच्यासाठी पट्टीचं गणितही निराळं.

मी हे घरी करून पाहिलं. फिल्टर पेपरच्या दोन पट्ट्या घेतल्या. एक हळदीच्या पाण्यात बुडवली, दुसरी जांभळ्या कोबीच्या रसात. डब्यात दोन बोंबील ठेवले आणि पट्ट्या ओलसर करून झाकणाला आतून चिकटवल्या, माशाला लागणार नाहीत अशा. डबा ओट्यावरच राहू दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोबीची जांभळी पट्टी निळसर हिरवी झाली होती. हळद मात्र पिवळीच, कडेला जरा नारिंगी छटा. ती विटकरी व्हायला संध्याकाळ उजाडली, आणि तोवर डब्याजवळ उभं राहायची कोणाची तयारी नव्हती. म्हणजे हळद जागी होते तोवर नाकाने निकाल दिलेला असतो. कुरकुमिनला लाल व्हायला सामू आठच्या आसपास किंवा वर लागतो. कोबीतलं अँथोसायनिन त्याआधीच रंग बदलू लागतं. प्रयोगशाळांचा ओढा कोबी, जांभूळ, गोकर्ण यांच्या रंगांकडे असतो तो यामुळेही. मात्र हे रंग उजेडात विटतात, ही त्यांची मोठी अडचण.

दुधाची गोष्ट नेमकी उलटी. दूध नासताना जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, सामू खाली येतो. मासळीची पट्टी इथे लावून उपयोग नाही. डेअरीत कच्च्या दुधाचा कस बघायची जुनी पद्धत तर सामूच्या वाटेलाही जात नाही. परीक्षानळीत १० मिलिलिटर दूध, त्यात १ मिलिलिटर मिथिलीन ब्लू, आणि नळी ३७ अंशांच्या पाण्यात. जिवाणू दुधातला ऑक्सिजन संपवत जातात तसा निळा रंग नाहीसा होतो. पाच तासांनंतरही निळं राहिलं तर दूध उत्तम, अर्ध्या तासात पांढरं झालं तर त्याची रवानगी कुठे करायची ते डेअरीवाल्याला सांगावं लागत नाही.

याहून वेगळी, आणि मला सर्वांत हुशार वाटणारी खूण पोलिओच्या डोसाच्या कुपीवर असते. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर कधी कुपी हातात घेऊन पाहिली असेल, तर लेबलावर जांभळं वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन दिसला असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या लसीकरणात ही खूण १९९६पासून आली. चौकोनातलं रसायन उष्णतेने हळूहळू साखळ्या जोडत जातं आणि गडद होतं. उकाडा जास्त, तर वेग जास्त. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद. पुन्हा बर्फात ठेवून तो फिकट होत नाही. ही खूण लसीला हुंगत नाही; लसीने वाटेत किती ऊन खाल्लं याचा ती हिशेब ठेवते, आणि तो हिशेब खोडता येत नाही. शीतसाखळीतून येणाऱ्या कोळंबीलाही असंच लेबल लावता येतं.

मग दुकानातल्या प्रत्येक पाकिटावर अशी पट्टी का नाही? खर्च आहेच. पण मला वाटतं खरी मेख अर्धवट बदललेल्या रंगात आहे. पट्टी जांभळीही नाही आणि हिरवीही नाही, असं पाकीट गिऱ्हाईक उचलणार नाही, आणि फेकायला दुकानदाराचा जीव होणार नाही.

आणि काही गोष्टी पट्टीला दिसतच नाहीत. बांगड्याचं घ्या. त्याच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, भरपूर असतं. मासळी बर्फाविना राहिली की काही जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. हा पदार्थ हवेत उडत नाही, त्यामुळे झाकणावरच्या पट्टीपर्यंत पोहोचत नाही आणि नाकालाही कळत नाही. तळलं, उकळलं, फ्रीझरमध्ये टाकलं तरी तो जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. 'मला बांगडा बाधतो' असं सांगणाऱ्यांपैकी काहींना बांगडा बाधलेला नसतो, टोपलीत उन्हात काढलेली त्याची दुपार बाधलेली असते. आमच्या माशेवालीच्या पाटीत बर्फ दिसला नाही, तर कल्ले कितीही लाल असोत, मी त्या दिवशी बांगडा घेत नाही.