ठेका (बेळगाव सीमाभागातील लयपरंपरा)

तालाच्या मात्रा ठरावीक बोलांत वाजवल्या की आवर्तनागणिक, म्हणजे तालाच्या प्रत्येक पूर्ण फेरीला, परतून येणारी लयीची जी चौकट तयार होते, तिला ठेका म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी आणि कानडी गाणे शेजारीशेजारी चालते. वारकरी भजन, यल्लम्माची पदे, नाट्यगीते आणि रागसंगीत अशा चारही ठिकाणी ठेका असतो, पण त्याचे काम दर ठिकाणी वेगळे असते.

ठेका नुसत्या मात्रा मोजून ओळखता येत नाही. केरवा, धुमाळी आणि भजनी हे तिन्ही ठेके आठ मात्रांचे आहेत. केरव्यात चार-चारचे दोन विभाग पडतात (धा गे न ती । न क धी न), तर धुमाळीत दोन-दोनचे चार (धा धीं । धा तीं । त्रक धीं । धागे त्रक). भजनी ठेक्यात काही घाव दोन मात्रांच्या मधोमध येतात. त्यानेच भजनाला झोका मिळतो आणि दिंडीत पाय आपोआप पडू लागतात. संख्या तीच राहते, वजन कुठे पडते यावर ठेक्याचे नाव ठरते.

गावोगावच्या भजनी मंडळांत पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा लेप देतात, म्हणजे ‘धा’ला खर्जाचा भरणा येतो. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात. तुकोबांचे ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया’ मोजून पाहावे. एका चरणाला आठ मात्रांचे एक आवर्तन धरले, तर सहा अक्षरांपुढे दोन मात्रा उरतात. त्या अक्षर लांबवून भरायच्या असतात. चौथ्या चरणात चार मात्रा मोकळ्या राहतात. बुवा तिथे श्वास घेतात आणि टाळकरी जोर करतात. नवशिक्या पखवाजी हमखास याच जागी बोलांची गर्दी करतो आणि चरण बुडवतो.

कानडी पद्याचे माप वेगळे पडते. भामिनी षट्पदी या सहा ओळींच्या कानडी छंदाच्या लहान ओळीत तीन-चार-तीन-चार असे मात्रांचे गट येतात. गमकवाचनात, म्हणजे कानडी काव्य सुरात वाचताना, ती ताल न धरताच म्हणतात, पण गट हेच दीपचंदी तालाच्या चौदा मात्रांचे. त्याच्या निम्मा, म्हणजे तीन-दोन-दोन अशा सात मात्रांचा रूपक. त्याची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) ‘खाली’वर, म्हणजे टाळी न देता दाखवायच्या जागी, येते, हे हिंदुस्थानी तालांत विरळाच. कर्नाटक पद्धतीतला रूपक मात्र नेहमीच्या रूपात सहा अक्षरकाळांचा (तिथल्या मात्रांचा) असतो. बेळगाव-धारवाड पट्टा कर्नाटकात असला तरी हिंदुस्थानी गाण्याचा आहे. इथल्या क्लासात रूपक म्हटले की सात मात्राच समजाव्यात.

त्या गाण्याची साक्ष माणसांतही सापडते. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी बेळगावात पेटीचे अनेक विद्यार्थी घडवले. तबल्याच्या एकल वादनात पेटीवाला एका आवर्तनाची ओळ परतपरत वाजवत राहतो. या ओळीला लेहरा म्हणतात. तबलजी कितीही लांब गेला तरी सम दाखवायची जबाबदारी पेटीची असते. साधे दिसणारे हे काम फार शिस्तीचे आहे.

अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली त्यांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. त्यांच्या काही पदांना कानडी चाली आहेत. चाल उचलली की तिचे वजनही सोबत येते, त्यामुळे कानडी मापे मराठी रंगभूमीवर रुळली. याच जिल्ह्यातला श्रीकृष्ण पारिजात हा कानडी लोकनाट्यप्रकारही गाण्यावरच उभा आहे.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगती-जोगतिणींकडे चौडके हे तारेचे वाद्य असते. ते काखेत धरून तार छेडतात. तारेचा ताण कमी-जास्त केला की एकाच वाद्यातून ठेकाही निघतो आणि सूरही हलतो. जोडीला तुणतुणे असते. गोंधळ्यांच्या संबळीत जाड आणि बारीक आवाजाची दोन तोंडे असतात, म्हणून ठेक्याचे वजन लगेच कानात भरते. हलगीला अशी सोय नाही. तिथे जाड काठीने मुख्य घाव आणि बारीक काठीने मधली भरण असा फरक करावा लागतो. कातडे सैल पडले की हे दोन्ही एकसारखेच वाजतात. मग वादक जाळ करून हलगी शेकतात, बोटाने टिचकी मारून पाहतात आणि पुन्हा मिरवणुकीत शिरतात.